दमयंतीबाईंची आखूड रांग

गेल्या मार्गशीर्षात, विद्यापीठाच्या संगणक विभागात, निवृत्त दूरसंचार अभियंता विनायकराव सोहनी यांनी ही कथा मला सांगितली. ती त्यांच्याच क्रमाने देतो.

सातपुड्यातील एका गावात एक छोटा दवाखाना होता. तेथे डॉक्टर नव्हते. परिचारिका रेशमाताई वळवी होत्या. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टर सबनीस त्यांच्याशी पडद्यावरून बोलत. हे बोलणे व्हीपीएनच्या, म्हणजे कोणालाही आत डोकावता न येणाऱ्या, बंद वाटेने जाई, आणि त्या वाटेची निगा दमयंतीबाई पाडवी राखत. माहितीचा एकही तुकडा हरवू नये म्हणून त्यांनी राउटरमध्ये, म्हणजे माहिती पुढे धाडणाऱ्या यंत्रात, थांबलेल्या तुकड्यांसाठी लांबच लांब रांग ठेवली होती. वर्षभर काही हरवले नाही. त्याबद्दल त्यांचा शाल देऊन गौरवही झाला.

एके दुपारी सर्पदंश झालेली मुलगी दवाखान्यात आली. त्याच वेळी तेथून क्ष-किरणांची चित्रे जिल्ह्याला जात होती. रांग तुडुंब भरली आणि बोलणे चित्रांमागे अडकले.

"हिला कुठल्या औषधाचं वावडं आहे का?" डॉक्टरांनी विचारले. उत्तर येईना. त्यांनी पुढचा प्रश्न केला, "श्वास लागतोय का?"

"नाही, डॉक्टर."

डॉक्टर निर्धास्त झाले. पण ते उत्तर पहिल्या प्रश्नाचे होते. दुसऱ्याचे मागून आले: "लागतोय! फार लागतोय!"

रेशमाताई डॉक्टरांच्या सल्ल्याची वाट न पाहता कामाला लागल्या, म्हणून मुलगी वाचली. डॉक्टरांशेजारी बसलेल्या दमयंतीबाईंनी लगेच राउटरच्या नोंदी तपासल्या. हरवले काहीच नव्हते. सारे पोहोचले होते, पण उशिरा.

"यंत्र जुनं झालंय असं लिहून टाका," त्यांचे वरिष्ठ म्हणाले. "कोण विचारतंय?"

"यंत्रानं माझंच ऐकलं, साहेब. रांग मी वाढवली, मीच कापते."

"रांगेत न मावलेले तुकडे गळतील. शाल परत मागतील हं, बाई!"

"मागू देत."

बंद वाटेत बोलणे कोणते आणि चित्र कोणते, हे राउटरला ओळखता येत नसे. म्हणून साऱ्यांचीच रांग आखूड करणे भाग होते. दमयंतीबाई ती थोडी थोडी कापत आणि रेशमाताईंना बोलायला लावत. एकदा फारच कापली गेली.

"बाई, आता हे रेशमाताईंचे शब्दच गिळतंय!" डॉक्टर ओरडले.

दमयंतीबाईंनी ती किंचित वाढवली. आता चित्रांचे काही तुकडे गळत, पुन्हा पाठवले जात. ही गळती दिसताच पाठवणारा संगणक आपोआप दमाने घेई, आणि बोलण्याला वाट मिळे.

पुढे विंचू चावलेला एक म्हातारा आला. चित्रे जातच होती.

"आजोबांना घाम..." डॉक्टर म्हणाले.

"सुटलाय, हातपाय गार आहेत."

"अहो, प्रश्न तर पुरा करू द्या!" डॉक्टर हसले, आणि त्याच दमात त्यांनी औषध सांगितले. ते सांगणे वेळेवर पोहोचले.

दमयंतीबाईंनी ती शाल खरोखर परत केली, असे विनायकराव सांगतात. याची खात्री मला कधीच करून घेता आली नाही. आखूड केलेली रांग मात्र मी स्वतः पाहिली आहे.

तात्पर्य: सारे काही राखून ठेवण्याच्या हव्यासात मोलाचे तेच उशिरा पोहोचते; आणि ज्या कामाने मान मिळाला तेच चुकले हे ओळखून जो ते स्वतःच्या हाताने सुधारतो, तो खरा जाणता.