येसूचा धूर

आपल्या कोंडूर गावाला अजून धड वाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ऐका, आणि मधे बोलू नका.

तेव्हा गावात नरहरशास्त्री राहायचे. अनुमान सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बौद्ध भिक्षू आले, जैन मुनी आले, वाद घालून गप्प होऊन गेले, असं म्हणतात. एक चार्वाकमताचा माणूस म्हणाला, "डोळ्यांनी बघेन तेवढंच खरं." शास्त्री हसले, "धूर दिसला की आग आहेच. बघायला कशाला जायचं?" सगळं गाव हसलं त्याला.

शास्त्रींना एकच लेक, येसू. आईवेगळी. डोंगरमाथ्यावरच्या मावशीकडे एकटी जायची. शास्त्रींनी तिच्या कमरेला चकमक बांधली होती. "अडलीस तर ओला पाला पेटव, बाळ. धूर दिसला की मी समजेन."

मार्गशीर्षात एकदा येसू गेली, ती संध्याकाळी परतली नाही. शास्त्री म्हणाले, "उशीर झाला की ती मावशीकडेच राहते. आजही राहिली असेल."

सकाळी डोंगरावर पांढरं दिसलं. शेजारची गुरवीण धावत आली. "शास्त्रीबुवा, धूर वाटतोय हो!"

"धूर वर चढतो, धुकं पसरतं. हे पसरलंय, म्हणजे धुकं."

अहो, थंडीत ओल्या पाल्याचा धूरही खालीच बसतो! पण शास्त्री बोलले म्हटल्यावर गुरवीण गप्प बसली. गावही बसलं. मेल्यांनो, एकाला तरी उठायला काय झालं होतं?

ऊन चढलं तरी पांढरं हटेना, तेव्हा शास्त्री धावले. येसूचा पाय कपारीत मोडून अडकला होता. मुठीत चकमक होती. अंग अजून कोमट होतं, असं म्हणतात.

त्यानंतर शास्त्रींनी कधी अनुमान सांगितलं नाही. उजाडलं का विचारलं, तरी दारात जाऊन बघून यायचे. रोज पहाटे डोंगर चढून धुक्यात हात घालायचे. एके दिवशी ते धुक्यात शिरले आणि तिथेच विरले, असं म्हणतात. देहसुद्धा मिळाला नाही.

म्हणून आजही मार्गशीर्षात आपल्याकडे सकाळी चूल पेटवत नाहीत. पाळीच्या घरातलं माणूस वर जातं, पांढऱ्यात हात घालतं आणि ओरडतं, "शास्त्रीबुवा, धुकंच आहे!" मग चुली पेटतात.

उद्या आपली पाळी आहे. धुकंच असणार, मलाही कळतं. तरी जायचं. येसूसाठी कोणी गेलं नव्हतं.