शिवीवाचून गूळ

कुठल्या गावातली गोष्ट ते विचारू नका, तिथली माणसं अजून चिडतात. नदीकाठचं गाव होतं, चहूकडे ऊस होता, आणि त्या गावात एक गुळव्या होता.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर गूळ करणारा कारागीर. रस काहिलीत, म्हणजे त्या थोरल्या पसरट कढईत, किती उकळायचा, वरची मळी कधी काढायची, पाक कधी तयार झाला म्हणायचं, हे सगळं त्याच्या नजरेवर. नजर चुकली तर गूळ पातळ राहतो, नाहीतर करपतो. ह्या गुळव्याची नजर काही चुकायची नाही. बाजारात लोक लांबूनच नुसत्या रंगावरून त्याच्या ढेपा ओळखायचे.

हात असे सोन्याचे, पण तोंड! अगं बाई, काय ते तोंड! बैलाला शिवी, जाळाला शिवी, वाऱ्याला शिवी. आणि राग आला म्हणून नव्हे हं. रागीट तर तो मुळीच नव्हता. जुना दोस्त भेटला की आधी शिवी द्यायचा, मग मिठी मारायचा. जेवण आवडलं तर भाकरीलासुद्धा शिवी द्यायचा. सगळ्यात मोठी, ठेवणीतली शिवी मात्र त्यानं चांगल्या गुळासाठी राखून ठेवली होती. ढेप पिवळीधमक आणि कणीदार निघाली की तिच्या पाठीवर थाप मारून मोठ्या मायेनं म्हणायचा, "काय झकास बसलायस रं…" आणि पुढं ती शिवी. मी काही ती सांगणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, ज्यांना नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत.

त्या गुऱ्हाळावर एक रीतच पडून गेली होती. पाक तयार झाला की काहील चुलवाणावरून, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवरून, झटकन उतरवावी लागते. गडी काहिलीच्या कड्यांत बांबू घालून दोन्ही बाजूंना उभे राहायचे. सगळ्यांनी एकदम उचललं तर ठीक, एकजण जरी मागंपुढं झाला तर उकळता पाक अंगावर. म्हणून गुळव्या खच्चून एक शिवी हासडायचा, आणि त्या शिवीसरशी सगळे एका दमात काहील उचलायचे. त्याचा बाप असंच करायचा, आजाही असंच करायचा. गावात तर लोक छातीठोकपणे सांगायचे, शिवीवाचून गूळ बसत नाही म्हणून.

गुळव्याला एक मुलगी होती, हौसा. चार वर्षांची असेल नसेल. आई घाण्याला ऊस लावायची, आणि हौसा चिपाडांच्या ढिगावर बसून उसाची कांडी चोखत बापाकडं बघत राहायची. बाप हसला की ती हसायची, बापानं कमरेवर हात ठेवले की हीही ठेवायची. बायको कधीमधी म्हणायची, "अवो, पोरीसमोर तरी जरा तोंड आवरा."

"हॅट्! एवढीशी ती. तिला काय कळतंय?" असं म्हणून गुळव्या पुन्हा जाळाला शिव्या घालायला मोकळा.

अशात शेजारच्या तानाक्काला नातू झाला. हौसाला तर वेडच लागलं त्या बाळाचं. उठली की तानाक्काचं दार, जेवली की तानाक्काचं दार. बाळ झोपलंय का, बाळाला दात कधी येणार, बाळ माझ्याकडं बघतं का. तानाक्काही कौतुकानं म्हणायची, "बारसं होऊ दे गं, मग पाळण्याची दोरी तुझ्याच हातात देते. तूच हालव माझ्या नातवाला."

बारसं झालं. बायकांनी घर भरलं, घुगऱ्या वाटल्या, आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मग तानाक्का म्हणाली, "ये गं हौसा, बघ तुझं बाळ."

हौसा पाळण्याशी गेली. बाळ गुलाबी अंगड्यात गुरफटून पडलं होतं. तिचा ऊर भरून आला. एवढं सुंदर काही दिसलं की काय म्हणायचं, ते तिनं आपल्या बापाकडून शिकलेलं होतं. तिनं हलकेच बाळाच्या पोटावर थाप मारली आणि सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली, "काय झकास बसलायस रं…" आणि पुढं ती शिवी. अख्खी. एक अक्षर न गाळता.

आत्याच्या हातातलं घुगऱ्यांचं ताट खाली पडलं. तानाक्का तर लालबुंद झाली. "माझ्या बिनदाताच्या लेकराला शिवी! भरल्या बारशाला! उचला हिला, आधी बाहेर काढा. पुन्हा ह्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही!"

हौसाची आई मान खाली घालून पोरीला घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी हौसा गल्लीत खेळायला गेली, तर एकेका आईनं आपापलं पोर आत ओढलं. तानाक्काचं दार तर बंदच झालं. हौसा समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायची. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं की उठून उभी राहायची, आणि दार उघडत नाही असं दिसलं की पुन्हा बसायची.

गुळव्याला हे कळलं तेव्हा तो गुऱ्हाळावरून तरातरा घरी आला. अब्रू गेली म्हणून कधी नव्हे तो भडकला होता. "कुठं हाय ती? असलं अभद्र बोलायला शिकली कुठं कार्टी?" असं म्हणताना त्याच्या तोंडून आणखी दोन शिव्या निघून गेल्या, ते त्याला कळलंसुद्धा नाही. बायकोला कळलं. ती नुसती नवऱ्याकडं बघत राहिली.

गुळव्यानं हौसाला मारायला हात उगारला. हौसा मागं सरली नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण त्याहून जास्त नवल होतं. ती म्हणाली, "आबा, गूळ चांगला झाला की तू असंच म्हणतूस की. आपलं बाळ त्याच्यापरास चांगलं हाय. मग तानाक्का का रागावली?"

उगारलेला हात तसाच राहिला. मग तो खाली आला, आणि गुळव्या मटकन भिंतीशी बसला. आपण एका लेकराला मारायला निघालो होतो, आणि तेही आपल्याच बोलण्यासाठी, ह्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याला मान वर करता येईना. शेवटी बायकोला म्हणाला, "आजपास्नं माझ्या तोंडातनं शिवी न्हाई. काहीबी झालं तरी न्हाई."

"बघा हं," बायको म्हणाली, "लेकीसमोर बोललाय."

आता एक सांगते, जन्मभराची सवय मोडणं म्हणजे चेष्टा नव्हे. गावाला तर करमणूकच झाली. कुणी म्हणे, "नव्याचे नऊ दिवस." कुणी मुद्दाम त्याच्या पायात चिपाडं टाकी, बघू बोलतो का. ठेच लागली की गुळव्या ओठ आवळून उभा राही, तोंड टोमॅटोसारखं लाल होई, पण शब्द गिळून टाकी. खोटं कशाला बोलू, एकदा सहन झालं नाही तेव्हा तो ओढ्यापलीकडं गेला आणि एका बाभळीला पोटभर शिव्या देऊन आला म्हणे. पण हौसाच्या कानावर एक पडू दिली नाही.

आणि मग शिवी सोडल्यानंतरच्या पहिल्या काहिलीचा दिवस आला. ऊस त्याचा स्वतःचाच होता. रस उकळून दाट झाला, फेस पिवळा झाला. गुळव्यानं पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघितला, गोळी छान झाली. त्यानं हात वर केला. गडी बांबूंना खांदे देऊन उभे राहिले आणि सवयीप्रमाणं त्याच्या तोंडाकडं बघू लागले.

तेव्हा कुठं गुळव्याच्या ध्यानात आलं. शिवी सोडली खरी, पण काहील उचलायला दुसरा शब्दच ठरवलेला नाही! एवढा मोठा कारागीर, पण हे काही त्याला सुचलं नव्हतं. गड्यांनाही सुचलं नव्हतं.

त्यानं तोंड उघडलं. आत होती ती फक्त शिवी, जिभेच्या टोकावर येऊन थांबलेली. समोर चिपाडांवर हौसा बसली होती, त्याच्या ओठांकडं टक लावून. त्यानं तोंड मिटलं. दुसरं काहीतरी ओरडावं म्हणून धडपडला, पण एवढ्या वर्षांत त्या जागी दुसरा शब्द कधी आलाच नव्हता. घशातून नुसतं "आं… आं…" निघालं.

म्हातारा जळव्या, म्हणजे चुलवाणात जाळ घालणारा भैरूतात्या, तळमळून ओरडला, "आरं दे की एक हासडून! पाक चाललाय!"

"तात्या, लेक बसलीया," गुळव्या कसाबसा म्हणाला.

गडी गोंधळले. एकानं उचललं, दुसऱ्यानं नाही, पाक हिंदकळला तसा सगळ्यांनी घाबरून बांबू सोडले. तोवर व्हायचं ते होऊन गेलं. पाक तांबडा झाला, मग काळा, आणि करपल्याचा वास पार वेशीपर्यंत गेला. ज्या माणसाच्या हातून कधी एक ढेप बिघडली नव्हती, त्याची अख्खी काहील जळाली.

लोक जमले. कुणी हसलं, कुणी "तरी सांगत होतो" म्हणालं. गुळव्या करपलेल्या काहिलीसमोर उभा होता आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. हौसा उतरून आली, तिनं बापाचं बोट धरलं.

"करपला, आबा?"

"करपला गं."

"आणि तू काईच म्हणाला न्हाईस?"

"न्हाई म्हणालो."

एवढं ऐकून हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. गर्दीत तानाक्काही होती. ती पदर सावरत गुमान घराकडं वळली.

भैरूतात्यानं खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले. म्हणाला, "पोरा, तुझ्या बापाला मी बघितलं, आज्यालाबी बघितलं. गूळ तू त्यांच्यापरास चांगला करतूस हे ठाऊक हुतं. पर माणूसबी तूच मोठा निघालास. आता एक शब्द ठरव बाबा, आन् उद्या पुन्हा चुलवाण पेटवू."

शब्द शोधायला फार लांब जावं लागलं नाही. देवाच्या डोंगरावर सगळे ओरडतात तेच ओरडायचं ठरलं, "चांगभलं!" पहिल्यांदा गुळव्याच्या तोंडून तो शब्द इतका दबकत आला की गड्यांना हसू फुटलं. मग त्यांनी रिकामी काहील घेऊन सराव केला. होय, मोठी माणसं रिकामी काहील उचलून खाली ठेवत होती, आणि हौसा टाळ्या पिटत होती.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव बघायला लोटला. पाक आला, गोळी जमली, गुळव्यानं हात वर केला आणि छाती फुगवून ओरडला, "चांगभलं!" काहील अशी अलगद उतरली की एक थेंब सांडला नाही. गूळ निवला, ढेप निघाली. पिवळीधमक, कणीदार! शिवीवाचून गूळ मस्त बसला होता. उलट जाणती माणसं तर सांगतात की इतका सुरेख गूळ त्यानं आधी कधी केलाच नव्हता. खरं खोटं देव जाणे, पण मला ते खरं वाटतं.

गुळव्याचा हात सवयीनं ढेपेच्या पाठीवर पडला. सगळे श्वास रोखून बघत होते. तो जरा थांबला, घुटमळला, आणि मग म्हणाला, "शाब्बास रं माझ्या राजा."

ढेपेतला एक खडा फोडून त्यानं हौसाच्या हातात दिला. ती तो खाईना. मुठीत धरून धावत सुटली ती तानाक्काच्या दाराशी. दार उघडं होतं. आत बाळ किंचाळून रडत होतं, कुणाला आवरत नव्हतं. हौसा उंबऱ्याबाहेरच थांबली. पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना, मग तिनं टाकलं नाही. तिथूनच तिनं मान उंच केली आणि हाक मारली, "रडू नगं रं माझ्या राजा! मी हाय हितं. मला आत यायची बंदी हाय, पर मी हाय हितंच!"

तानाक्का पाळण्याजवळून उठली. दारात आली. त्या चिमुरडीकडं बघितलं आणि म्हातारीला हुंदकाच फुटला. तिनं हौसाला उचलून उंबऱ्याच्या आत घेतलं, पाळण्याशी नेलं, आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली.

"हालव गं बाई," ती म्हणाली, "आणि बोल त्याच्याशी. तुझं ऐकूनच त्याला बोलायला शिकू दे."

तात्पर्य: लेकरू शिवी शिकत नसतं, ते आपल्यासारखं बोलायला शिकत असतं. म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवण्याआधी आईबापांनी आपल्या तोंडाला आवर घालावा.