बीजगडच्या राणीची वाटणी

एका राज्यात डोंगराच्या पोटात हजारो गोल गड होते, आणि प्रत्येक गडात एकेक राणी झोपलेली होती. झोप साधी नव्हे. राण्या जन्मायच्या आधीच स्तंभकेतू नावाच्या मांत्रिकाने मंत्र टाकला होता: बाहेर अंगाई चालू असेल तोवर झोप, आणि जाग आलीच तर निम्मी रत्ने माझी. दरवर्षी कितीतरी गड झोपेतच ढासळत. त्यांचे नावही कुणी घेत नसे.

त्यांतल्या बीजगडाची राणी कलिका. तटाबाहेर येसूदाई आणि तिच्या सख्या राहत. तटाच्या बारीक छिद्रांतून त्या रेशमी दोर आत सोडत. त्या दोरांवरून घास येई, आणि अंगाईही येई. शाप त्या अंगाईतच आहे, हे बिचाऱ्यांना काय ठाऊक!

एके दिवशी अंगाई थांबली. कलिकेने डोळे उघडले, तो दोर एकेक करून बाहेर ओढले जात होते.

"येसूआई, गात का नाहीस?"

"राजधानीहून दूत नीळकंठ आलाय, बाळे. म्हणतो, तुझं गाणंच तिची बेडी आहे." दाईने आणखी एक दोर ओढून घेतला. "मला वाटायचं, मी तुला जपतेय."

नीळकंठ तटावर बसून म्हणाला, "राणी, कामे तीन. अंतःपुराची भिंत पाड. रत्नांची वाटणी कर. तटाची राखण लाव. उद्याचा सूर्य माथ्यावर येण्याआधी हे झाले नाही, तर हाही गड ढासळेल."

कलिकेने भिंतीला हात लावला. भिंत मिठासारखी विरघळली. आत रत्ने होती, जोडीजोडीने एकमेकांना बिलगलेली. तेवढ्यात स्तंभकेतू हजर! फुकटचे न्यायला असले लोक बरोबर वेळेवर येतात.

"माझा निम्मा वाटा," तो म्हणाला.

कलिका घाबरली. गडाच्या मधोमध वाटणी केली, तर गडातल्या धान्याच्या निम्म्या कणग्याही जाणार, मग पुढे येणारा वारस खाणार काय? तिने रत्ने उचलून थेट तटाच्या कडेशी नेली. तिथे सूत कातायच्या चातीवर धागे ताणून एकेक जोडी सोडवली. एक जरी रत्न चुकीच्या बाजूला गेले असते, तरी गडाचा घात झाला असता. मग तिने तटाला चिकटून एक चिमुकला बुरूज उभारला आणि निम्मी रत्ने त्यात ठेवली.

"आणि धान्य?" मांत्रिकाने विचारले.

"तुझ्या मंत्रात रत्ने आहेत. धान्याचा दाणाही नाही."

मांत्रिकाचे तोंड बघण्यासारखे झाले. स्वतःचाच मंत्र त्याला मोडता येईना. रत्ने कवटाळून तो बुरुजात बसला आणि उपाशीपोटी सुकून गेला. त्याचा शाप गडावरून कायमचा उतरला.

आता कलिकेला कसलीच भीती उरली नव्हती. तिने मंतरलेली मडकी तटाच्या आतल्या अंगाला ओळीने मांडली. पुढे येणारा एक पाहुणा आत आला की ती फुटायची आणि तट वज्राचा व्हायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाट मिळणार नाही.

सूर्य माथ्यावर आला. डोंगर दुभंगला, आणि दाई व सख्यांसकट बीजगड नदीत उतरून डौलाने वाहू लागला. समोरून एक पाहुणा पोहत आला. त्याच्याजवळही निम्मीच रत्ने होती. तो आत शिरला, मडकी फुटली, तट मिटला. दोघांच्या रत्नांच्या जोड्या जमल्या, कणग्यांची तोंडे उघडली, आणि गडाला वारस मिळाला.

तो वारस कोण, म्हणून विचारता? अहो, आईच्या पोटातल्या अशाच एका बीजगडातून जन्मून ही कथा जो ऐकतो आहे, तोच.