तात्यांच्या रंगीत फिती

सगळा दोष भास्करतात्यांचा. माणूस दिसला की त्याचा प्रकार ठरवायचा, ही त्यांची जुनी खोड. शाळा तपासत फिरले तेव्हा पोरांचे हुशार आणि ढ असे दोन ढीग केले. निवृत्तीनंतर हात नुसते शिवशिवत होते.

पुतणीच्या लग्नात ते फिती घेऊन मांडवाच्या दारात बसले. लाल मानकऱ्यांना, पिवळी पाहुण्यांना, निळी किरकोळांना. निळ्यांना जिलेबी नाही. वरपक्षाकडून आला म्हणून नवरदेवाचा कुत्रा लाल ठरला आणि पहाटेपासून पुऱ्या लाटणाऱ्या शेजारणी निळ्या. त्यांतल्या सिंधूकाकूंनी लाटणं टाकलं आणि चपला शोधायला घेतल्या.

नवरीची बहीण वृंदा भडकली. पहिल्या पंगतीत लाल फीत मिरवत बसलेल्या तात्यांपुढे जाऊन तिनं सगळ्यांदेखत विचारलं, “तात्या, तुम्ही घरचे की पाहुणे?”

“पाहुणा कसला? घरचाच!”

“मग उठा. घरचे शेवटी जेवतात.”

तात्या चपापले. “बरं, पाहुणा म्हण.”

“मग दुसऱ्याच्या मांडवात माणसं निवडणारे तुम्ही कोण?”

पंगत खदाखदा हसली. रुबाब सोडवेना, म्हणून तात्या घरचेच ठरले आणि उठले. वृंदानं त्यांच्या जागेपासून शेजारणींची रांग बसवली आणि जिलेबीचं ताट तात्यांच्या हातात दिलं.

“घरच्यांनी वाढायचं. आणि एका पंगतीत एकाला वाढून दुसऱ्याला गाळायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

तात्यांनी निमूटपणे सगळ्यांना वाढलं. शेवटची जिलेबी कुत्र्यानं खाल्ली. तो मानकरी होता.

तात्यांना एकही मिळाली नाही.