दुपारी बाराचा डोंगर

एकदा एक तरुणी प्रकाश शिकण्यासाठी डोंगरात गेली. तिचे नाव ऋजुता. शहरात ती लग्नसमारंभांची छायाचित्रे काढत असे. त्यात तिचा हात चांगला बसला होता, पण मन रमत नव्हते. तिला धुके टिपायचे होते, उन्हाची तिरीप टिपायची होती, पावसाआधीचे काळवंडलेले रान टिपायचे होते. म्हणून ती दिनानाथ ओझरकरांकडे आली.

ओझरकरांनी तीस वर्षे तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवली होती, म्हणून भोवतालचे लोक त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी काढलेली निसर्गाची छायाचित्रे दूरदूरच्या शहरांत भिंतींवर लागली होती. निवृत्तीनंतर त्यांनी एका पठाराच्या कडेला दोन खोल्यांचे घर बांधले. समोर अरुंद दरी, दरीत ओढा, आणि ओढ्यापलीकडे एक डोंगर. त्या डोंगराच्या कुशीत आवळसेवाडी नावाची चौदा घरांची वस्ती होती.

मास्तरांनी ऋजुताला ठेवून घेतले, पण एक अट घातली.

"पहाट तुझी, संध्याकाळ तुझी. हवं तिथं जा, हवं ते टिप. दुपारी बारा वाजता मात्र या कातळावर यायचं आणि समोरच्या डोंगराचा एक फोटो काढायचा. याच जागेवरून, याच चौकटीत. एक दिवसही चुकवायचा नाही."

कातळात ट्रायपॉडच्या पायांसाठी तीन लहान खळगे कोरलेले होते, म्हणजे जागा बोटभरही इकडेतिकडे व्हायला नको.

"सर, बाराचा उजेड फोटोच्या कामाचा नसतो. हे पहिल्याच दिवशी शिकवतात," ऋजुता म्हणाली.

"खरं आहे."

"मग?"

"मग काढ."

ती काढू लागली. मास्तर घरातल्या छोट्या प्रिंटरवर त्या छायाचित्राची लहानशी प्रत छापून घेत. त्यांच्याकडे एक बटर पेपर, म्हणजे खालचे दिसू देणारा पातळ कागद, होता. त्यावर त्यांनी टोकदार पेन्सिलीने डोंगराची कड, उतारावरची तीन हिरड्याची झाडे, एक विजेचा खांब आणि घरांची छपरे यांच्या बाह्यरेषा काढून ठेवल्या होत्या. तो पेपर ते प्रतीवर ठेवत, भिंग घेऊन बघत, मागे तारीख घालत आणि प्रत पेटीत टाकून देत. म्हातारपणी माणसाला कसला ना कसला नेम लागतोच, असे समजून ऋजुताने त्याविषयी विचारणे सोडून दिले.

आषाढ सरत आला. त्या वर्षी पाऊस थांबायचे नावच घेईना. ऋजुताला एका मोठ्या प्रदर्शनासाठी महिनाअखेरीपर्यंत एक छायाचित्र पाठवायचे होते आणि पाठवण्याजोगे तिच्याजवळ काहीही नव्हते. मोबाइलवर ती हवामानाचे तीन अंदाज बघे. तिन्ही वेगवेगळे असत आणि तिन्ही खोटे ठरत. पूर्वेच्या टोकावर जाऊन ती दोन तास भिजत बसे, तर ढग पश्चिमेला उघडत. ती पश्चिमेकडे धावे, तोवर तिकडचे दार मिटलेले असे. तिला घास गोड लागेना. प्रकाश जाणूनबुजून आपल्याला टाळतो आहे, असे तिला वाटू लागले.

शेवटचे चार दिवस तर समोरचा डोंगरच दिसला नाही. बारा वाजता चौकटीत नुसते पांढरे धुके येई. मास्तर तेही छायाचित्र काढायला लावत. पण या चार दिवसांत ऋजुताने त्यांच्यात एक बदल पाहिला. एरवी शांत असणारा हा माणूस पुन्हा पुन्हा कातळावर जाऊन धुक्याकडे बघत उभा राही. जेवताना मध्येच उठे. "किती पाऊस झाला असेल?" असे एकाच सकाळी त्यांनी तिला तीनदा विचारले.

पाचव्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास वारा फिरला.

पश्चिमेला ढगांची एक शिवण उसवली आणि तिरपे ऊन दरीत ओतले गेले. कड्यांवरून उतरणारे शेकडो पाण्याचे धागे एकाएकी पेटल्यासारखे उजळले. दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड इंद्रधनुष्य उभे राहिले, आणि त्याचा एक पाय खाली ओढ्याच्या पाण्यात टेकला. ऋजुता धावत कातळावर आली. तिने खळग्यांत ट्रायपॉड रोवला आणि चौकट लावली. बोट कळीवर गेले.

तेवढ्यात मास्तरांनी मागून येऊन कॅमेरा धरला आणि सरळ डावीकडे फिरवला. चौकटीतून इंद्रधनुष्य गेले, ऊन गेले. तिथे आता डोंगराचा तो उतार होता, ढगाच्या सावलीतला, मळकट, नेहमीचा.

"आधी हा काढ."

"सर! जाईल ते!"

"आधी हा."

तिने रागाने कळ दाबली. कॅमेरा पुन्हा फिरवून चौकट जुळेपर्यंत इंद्रधनुष्याचा एक पाय पुसला गेला होता. दुसऱ्यांदा कळ दाबण्याआधी शिवण मिटली आणि सारे राखाडी झाले. ऋजुता तिथेच मटकन बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मास्तर तिला समजवायला थांबले नाहीत. त्यांनी कॅमेऱ्यातले कार्ड काढले आणि ते घरात गेले.

आपण उद्याच निघून जाणार हे सांगायला ती आत गेली, तर मास्तर खिडकीशी प्रत आणि बटर पेपर धरून उभे होते. त्यांनी भिंग तिच्यापुढे केले.

"माझे डोळे आता भरवशाचे राहिले नाहीत. तू बघ."

तिने पाहिले. डोंगराची कड पेन्सिलीच्या रेषेवर बरोबर बसली होती. खालची घरे बसली होती. पण तिन्ही हिरडे आपापल्या रेषांमधून किंचित खाली उतरले होते, आणि खांब एका बाजूला कलला होता.

"पेपर सरकला असेल," ती म्हणाली आणि तिने तो पुन्हा नीट लावला. कड बसली. हिरडे बसले नाहीत. तिसऱ्यांदा लावला.

"पेपर सरकलेला नाही," मास्तर हळूच म्हणाले. "डोंगर सरकलाय."

काठी टेकत, ऋजुताच्या खांद्याचा आधार घेत मास्तर अर्ध्या तासात खाली उतरले आणि ओढ्यावरचा लहानसा साकव ओलांडून वाडीत पोचले. पोलीस पाटील चिंधू आवळसे ओसरीवर दोरी वळत बसला होता. मास्तरांचे ऐकून तो हसला.

"मास्तर, आज्यापंज्यापासनं हितंच हाय आमी. डोंगार कुटं हलतो व्हय?"

"जमीन सरकली की आधी दारांच्या चौकटी तिरक्या होतात. वाडीत कुणाच्या घराचं दार लागेनासं झालंय का?"

चिंधूने वळून आपल्या दाराकडे पाहिले. आतून त्याची आई सोनाबाई म्हणाली, "आमचंच लागंना. चार दिस झालं. लाकूड फुगलंय पावसानं."

"आमचं बी," शेजारच्या ओसरीवरून कुणीतरी बोलले.

"आणि झऱ्याचं पाणी?"

"लाल येतंय. पावसाळाच हाय न्हवं!"

प्रत्येक गोष्टीला पावसाचे कारण होते, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखे होते. मास्तरांनी प्रत आणि बटर पेपर चिंधूच्या हातात दिला. चिंधूने ते बराच वेळ निरखले. खांबावर त्याचे बोट थांबले. तो उठला आणि घरांमागच्या उतारावर चढून गेला. त्याची वाट बघत सगळे ओसरीखाली उभे राहिले. तो उतरला तेव्हा त्याचा उजवा हात चिखलाने माखला होता.

"हिरड्यांच्या वर भेग हाय," तो म्हणाला. "कोपरापतुर हात गेला माझा."

तालुक्याला फोन लागला, पण रस्त्यावर झाडे पडली होती. दुसऱ्या दिवसाआधी कुणी पोचणार नव्हते. मग चिंधूने वाट पाहिली नाही. अंधार पडायच्या आत एकसष्ट माणसे, गुरे आणि शेरडे साकव ओलांडून पठाराच्या पायथ्याशी असलेल्या शाळेत आली. सोनाबाईला उचलूनच आणावे लागले. "चूल पेटती ठिवून कुटं नेता रं मला?" असे ती साऱ्या वाटेने म्हणत होती.

दुसरा दिवस उजाडला, तर स्वच्छ ऊन! डोंगर धुऊन काढल्यासारखा हिरवागार, जागच्या जागी उभा. शाळेच्या पडवीत बायका आपापल्या घरांकडे बघत बसल्या होत्या. कोंबड्या डालग्यांखाली तशाच राहिल्या होत्या. पीठ, मीठ, पोरांचे कपडे सगळे तिकडेच होते. कुजबुज वाढू लागली. "म्हाताऱ्याला चळ लागलाय," कुणीतरी ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. अखेर चिंधू मास्तरांसमोर येऊन उभा राहिला.

"मास्तर, दुपारपतुर काय झालं न्हाय, तर मी कुणाला अडवू शकणार न्हाय."

"बरोबर आहे तुझं," मास्तर म्हणाले.

डोंगर पडेल याची ऋजुताला भीती वाटत होती, आणि पडणार नाही याचीही. मास्तर खोटे पडू नयेत म्हणून का होईना, तो पडावा अशी इच्छा आपल्या मनाच्या एका कोपऱ्यात आहे, हे तिच्या ध्यानात आले आणि तिची तिलाच लाज वाटली.

"सर, नाही पडला तर?" तिने विचारले.

"तर फार बरं होईल. लोक मला वेडा म्हणतील आणि आपापल्या घरी जेवतील."

थोड्या वेळाने त्यांनी घड्याळ पाहिले. "बारा वाजत आलेत."

ती धापा टाकत पठारावर चढली. कातळावर ट्रायपॉड रोवून तिने छायाचित्र काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर कालच्या शेजारी लावून पाहिले. आज बटर पेपरची गरजच नव्हती. खांब आडवा व्हायला आला होता. हिरड्यांच्या वर गवतात एक तपकिरी रेघ उमटली होती. काल ती नव्हती.

ती धावत सुटली. खाली पोचली तेव्हा दोन माणसे घरचे सामान आणायला डोक्यावर रिकामी घमेली घेऊन साकवावर पोचली होती. तिने कॅमेरा चिंधूपुढे धरला. त्याने एकदाच पाहिले आणि अशी आरोळी ठोकली की ती माणसे जागीच थबकली. शिव्या देत देत ती परत आली.

पावणेदोनला डोंगर उतरला. आवाज गडगडाटाचा नव्हता. जाड कापड टरकावे तसा तो आला आणि वाढतच गेला. तिन्ही हिरडे उभेच्या उभे खाली आले, पुढे कुठेतरी आडवे झाले आणि दिसेनासे झाले. वरची नऊ घरे क्षणात चिखलाखाली गेली. मग इतकी शांतता पसरली की ओढ्याचाही आवाज येईना, कारण ओढाच बुजला होता. सोनाबाई भिंत धरून उठली आणि बोटाने एकेकाला मोजू लागली. एकदा मोजून झाल्यावर तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने पुन्हा मोजले. एकसष्ट.

संध्याकाळी मदतीची माणसे आल्यावर ऋजुता मास्तरांजवळ येऊन बसली.

"सर, काल ऊन पडलं त्या क्षणीच तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं नव्हतं. भीती वाटली होती. चार दिवस डोंगर दिसला नव्हता. ढग उघडले तेव्हा तुला प्रकाश दिसला, मला डोंगर दिसला. मागून पुन्हा धुकं येणार होतं. तुझं चित्र गेलं, त्याचं मला वाईट वाटतं. तसं ऊन मला उभ्या आयुष्यात दोनदाच मिळालंय."

"पण रोज बाराच का?"

"बारा वाजता सावल्या नसतात. सकाळ-संध्याकाळच्या उन्हात डोंगर सजतो. सजलेल्या माणसाला 'बरा आहेस का' असं विचारून काही कळत नाही."

मास्तर पुढे म्हणाले, "प्रकाश बदलतो, म्हणून आपण जीव टाकून त्याच्यामागं धावतो. जे बदलत नाही ते आहेच, असं धरून चालतो. बदलणारं निघून गेलं तर हुरहूर लागते. पण न बदलणारं निघून गेलं, तर पायाखालचं जातं. म्हणून त्याच्याकडंही दिवसातून एकदा बघावं. साध्या उजेडात. आज काही नवं दिसणार नाही, हे ठाऊक असताना."

प्रदर्शनाला चित्र पाठवायची मुदत कधीच टळून गेली होती, हे ऋजुताला पुढे कित्येक दिवसांनी आठवले.

पाऊस सरल्यावर वाडीसाठी ओढ्याच्या अलीकडे, दुसऱ्या एका डोंगराखाली नवी जागा ठरली. पायाची आखणी झाली त्या दिवशी सोनाबाई दम खात पठार चढून आली. मास्तर अंगणात ऊन घेत पडले होते. त्यांना तिने नुसते हात जोडले आणि ती ऋजुताकडे वळली.

"पोरी, ह्या नव्या डोंगराचा बी रोज फोटू काढशील का?"

ऋजुताने मास्तरांकडे पाहिले. उत्तर तिच्यावर सोपवून त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"काढीन, आजी. पण तो डोंगर इथून दिसत नाही. त्याच्यासाठी वेगळी जागा शोधावी लागेल."

"मग चल की," सोनाबाई म्हणाली. तिने कमरेचा कोयता काढला, वाटेवर आडवी आलेली कारवी तोडली, आणि दोघी जागा बघायला निघाल्या.