ताईच्या दाराची कडी

फार जुनी गोष्ट नाही. एका फिरत्या घरगाडीत दोन बॅटऱ्या राहत. थोरली इंजिन सुरू करी, धाकटी पंखा चालवी. इंजिन धावताना त्याच्या विजेने दोघी भरत; गाडी थांबली की मधला स्विच दोघींमधलं दार लावी.

धाकटीला ते खुपे. "ताई, थांबलं की दार का लावतेस? माझ्या वाट्याचं काय चोरून ठेवलंयस?"

"चोरत नाही गं, राखते."

"हो, सगळे चोर असंच म्हणतात!"

एका मुक्कामी तिने स्विचला फितवलं. दार उघडंच राहिलं. दुपारभर पंखा भिरभिरला आणि धाकटीने ताईकडची वीज ओढून ओढून पाहिली. चोरीचं काहीच सापडलं नाही.

संध्याकाळी मालकाने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं खाकरलं.

"ताई, आता मला कोण भरणार?"

"तेवढ्याचसाठी राखलं होतं, बाळा," ताई क्षीण आवाजात म्हणाली.