मंत्र्यांची हवेतली खुर्ची

मंत्री दिगंबरराव सरनोबत छोट्या विमानात बसले, पण पट्टा बांधेनात. "बाई, माझी खुर्ची भल्याभल्यांना हलवता आली नाही," ते वैमानिक रेवती केळुसकरांना म्हणाले.

रेवतीबाई शांतपणे म्हणाल्या, "खुर्ची नाहीच हलणार, साहेब. ती पक्की बसवलेली असते. खुर्ची जागेवर राहते, उडतो तो बसणारा."

दिगंबररावांनी मुकाट्याने पट्टा आवळला.

सह्याद्रीवर विमान विहिरीत पडावं तसं अचानक खाली गेलं. मांडीवरची ब्रीफकेस उडून छतावर आदळली. दिगंबरराव मात्र खुर्चीतच होते. पुढे रेवतीबाईंचे हात जराही न थरथरता विमान सावरत होते. त्या हातांकडे ते भारावून पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, हा पट्टा आणखी घट्ट होतो का?"